फड, पाट आणि पट्टी : खानदेश-बागलाणातील बंधाऱ्यांवरील पाणीवाटप व आकारणी

१

पाण्याबद्दल द्यावयाच्या मोबदल्यास मराठीत 'पाणीपट्टी' हा शब्द रूढ आहे. आज हा शब्द उच्चारताच ग्रामपंचायतीचे किंवा पाटबंधारे खात्याचे मागणीपत्र डोळ्यांपुढे येते, आणि 'पट्टी' म्हणजे वरून लादलेला कर, एवढाच अर्थ मनात उभा राहतो. परंतु या शब्दाचा व्यवहार पाहिल्यास त्यात दोन वेगळे अर्थ नांदत असल्याचे आढळते. 'पट्टी' ही संस्कृत 'पट्ट' या शब्दाची वंशज. लांबट तुकडा, त्यावर लिहिलेली यादी, आणि यादीबरहुकूम वसूल करावयाची रक्कम, असा तिचा अर्थविस्तार झाला असावा. मराठेशाहीत सरकारने प्रसंगविशेषी बसविलेल्या 'कर्जपट्टी'सारख्या बाबी होत्या. तेथे देणाऱ्याचे मत कोणी विचारीत नसे. उलट, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, जत्रेसाठी किंवा कुस्त्यांसाठी गाव 'पट्टी काढते', तेव्हा ज्यांची नावे यादीत असतात तेच यादी करणारेही असतात. पहिल्या अर्थात पट्टी म्हणजे मागणी होय. दुसऱ्या अर्थात ती आपापसांत ठरवून घेतलेली वाटणी होय.

लहान ग्रामीण पाणीव्यवस्थेचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन अर्थांच्या चढाओढीचा इतिहास आहे. दर न्याय्य आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकड्यावरून ठरत नाही. तो कोणी ठरविला, कोणत्या कामासाठी ठरविला, आणि पाणी आले नाही तर त्याचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज आकड्याला अर्थ येत नाही. खानदेश व बागलाण या भागांतील फडपद्धती या तिन्ही प्रश्नांना स्पष्ट उत्तरे देते, आणि त्या उत्तरांतील उणिवाही तितक्याच स्पष्टपणे दाखविते. म्हणून तिचा विचार येथे प्रस्तुत ठरतो.

२

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघणाऱ्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्या या पद्धतीचे माहेरघर होत. पांझरा साक्री तालुक्यातून धुळ्यावरून वाहत जाऊन तापीस मिळते. आरम व मोसम या गिरणेच्या उपनद्या असून गिरणाही शेवटी तापीचीच उपनदी आहे. डोंगराळ उगमाकडे पाऊस बऱ्यापैकी आणि खालच्या पठारी भागात तुटपुंजा, अशी येथील स्थिती आहे. पावसाळा संपल्यानंतरही काही महिने या नद्यांना प्रवाह राहत असे. तो प्रवाह अडवून साठविण्यापेक्षा वळवून घेणे येथे सोयीचे होते. या नैसर्गिक परिस्थितीतूनच बंधाऱ्यांची मालिका निर्माण झाली.

हे बंधारे पुष्कळ जुने आहेत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील खानदेशाच्या खंडात पश्चिम भागातील ओढ्यानाल्यांवर सर्वत्र अशा बांधकामांच्या खुणा आढळतात अशी नोंद आहे, आणि स्थानिक परंपरा त्यांचे श्रेय मुसलमान राज्यकर्त्यांना देते असेही तेथे सांगितले आहे. थाळनेर व बऱ्हाणपूर येथून राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सत्ता या प्रदेशावर १३८२ ते १६०१ पर्यंत होती. आज अभ्यासक फडपद्धतीचे वय सामान्यतः तीनशे ते चारशे वर्षे मानतात. बंधारा बांधणारी सत्ता आणि पाणी वाटणारी व्यवस्था एकाच वेळी जन्मली असे समजण्याचे मात्र कारण नाही. दगड-चुन्याचे बांधकाम एखाद्या सरदाराच्या किंवा राजाच्या द्रव्याने एका मोसमात उभे राहू शकते. पाळीचे नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत व्हावे लागतात.

व्यवस्थेची रचना साधी आहे. नदीच्या पात्रात खडकाचा आधार पाहून कमी उंचीचा बंधारा घालतात. पूर आला म्हणजे पाणी त्याच्या माथ्यावरून निघून जाते. बंधाऱ्याच्या एका अंगाने पाट किंवा कालवा निघतो. त्याची लांबी साधारणतः दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत असते. पाटातून चाऱ्या फुटतात, आणि चाऱ्यांतून प्रत्यक्ष शेतात पाणी नेणारे सारंग निघतात. जास्तीचे पाणी पुन्हा नदीत किंवा ओढ्यात सोडण्यासाठी ठिकठिकाणी सांडम ठेवलेले असतात. या सांडमांकडे दुर्लक्ष होता कामा नये; ज्या पाणीव्यवस्थेत पाणी आणण्याची सोय आहे पण काढून देण्याची नाही, तेथे जमीन काही वर्षांतच चोपण होते. जुन्या व्यवस्थेत निचऱ्याची ही जाणीव मुळापासून होती.

जुन्या महसुली परिभाषेत अशा जमिनीस 'पाटस्थळ' आणि विहिरीवर मोटेने भिजणाऱ्या जमिनीस 'मोटस्थळ' म्हणत. 'जिराईत' व 'बागाईत' हे अरबी-फारसीतून आलेले शब्द जमिनीचा वर्ग सांगतात. 'पाटस्थळ' व 'मोटस्थळ' हे देशी घडणीचे शब्द पाणी कोठून आले ते सांगतात. हा भेद नुसता शब्दांचा नाही. मोटस्थळाचा धनी आपल्या विहिरीचा मालक असतो. पाटस्थळाचा धनी पाटाचा मालक नसतो, तो पाटावरील भागीदार असतो.

३

'फड' या शब्दास मराठीत अनेक अर्थ आहेत. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड, उसाचा फड, आणि पेशवाईतील हुजूर दफ्तराचा 'फड' या सर्वांत एक समान सूत्र आहे : एका कामासाठी एका ठिकाणी, एका शिस्तीखाली आणलेला समूह. ('फडणीस' हा शब्द मात्र या कुळातील नव्हे. तो फारसी 'फर्दनवीस' यावरून आला असे सामान्यतः मानले जाते, आणि 'फड'शी त्याचे नाते ध्वनिसाम्याने जुळले असावे.) पाण्याच्या व्यवस्थेतील फड हाही असाच समूह आहे. फरक इतकाच की, येथे माणसांऐवजी शेते एका शिस्तीखाली आणलेली असतात.

एका बंधाऱ्याखालील कायम बागाईत क्षेत्र बहुधा चार, क्वचित तीन फडांत विभागलेले असे. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत आढळते; सर्वसाधारण फड शंभर-सव्वाशे हेक्टरांचा असतो. एका फडात एका हंगामात एकच प्रकारचे पीक घ्यावयाचे, हा मुख्य नियम. एखाद्या फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, आणि एखादा फड पडीक. पुढील वर्षी पिकांची जागा बदलते. त्यामुळे ऊस एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे राहत नाही, जमिनीस विश्रांती मिळते, आणि पाणथळ होण्याचा धोका कमी होतो.

या नियमाचे प्रशासकीय महत्त्वही मोठे आहे. एका फडात सर्वत्र एकच पीक असल्याने सर्व शेतांची पाण्याची गरज एकाच वेळी व सारखीच असते. पाटकऱ्यास 'कोणाला किती' हा प्रश्न दररोज सोडवावा लागत नाही. फडाला पाणी सुरू झाले की ते फड भिजेपर्यंत क्रमाने फिरते. मोजमापाचे यंत्र नसतानाही वाटप समान राहते, कारण मोजमापाचे काम पिकाच्या एकरूपतेने केलेले असते.

न्यायाची खरी किल्ली मात्र दुसऱ्याच गोष्टीत आहे. बहुतेक खातेदारांची जमीन एकाच फडात नसून ती सर्व फडांत थोडीथोडी विखुरलेली असे. उदाहरणादाखल, एका खातेदाराचे चार फडांत प्रत्येकी दोन एकर, म्हणजे आठ एकर आहेत, आणि दुसऱ्याचे प्रत्येकी एक एकर, म्हणजे चार एकर आहेत, असे समजू. पाऊस कमी झाला आणि पंचांनी दोनच फड भिजविण्याचे ठरविले, तर पहिल्याचे चार एकर भिजतील व दुसऱ्याचे दोन. दोघांचाही निम्मा वाटा गेला. तूट प्रमाणात वाटली गेली. याउलट, पहिल्याची सर्व जमीन पाटाच्या मुखाशी आणि दुसऱ्याची शेवटास असती, तर तुटीचा सारा भार दुसऱ्यावर पडला असता. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचे पाण्याविना हाल हा आधुनिक पाटबंधाऱ्यांचा जुनाट रोग आहे. फडपद्धतीत मुख आणि शेवट हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्यास येत असल्यामुळे या रोगास मुळातच जागा नव्हती. शेती-सुधारणेच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांची जमीन हा दोष मानला जातो. पाणीवाटपाच्या दृष्टीने तोच तुटीविरुद्धचा विमा होता.

४

या व्यवस्थेत काम करणाऱ्यांची नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. प्रत्यक्ष पाणी देणारा तो 'पाटकरी', त्याच्यावर देखरेख ठेवणारा 'हवालदार', आणि पिकांची राखण करणारा 'जागल्या'. 'जागल्या' हे नाव सरळ 'जागणे' या धातूवरून आले आहे. 'हवालदार' हा अरबी 'हवाला' व फारसी 'दार' यांचा जोड असून त्याचा मूळ अर्थ 'ज्याच्या हवाली काम केले आहे तो' असा आहे. लष्करी पद म्हणून रूढ असलेले हे नाव गावाने पाण्याच्या कामावर नेमलेल्या माणसास लावले, यावरून त्या कामाच्या शिस्तीची कल्पना येते. 'पाटकरी' यातील '-करी' हा प्रत्यय 'शेतकरी', 'गावकरी', 'वारकरी' या शब्दांतीलच होय. तो अधिकार दाखवीत नाही. एखाद्या गोष्टीशी असलेले नित्याचे नाते दाखवितो.

शेतकऱ्याने स्वतः पाटाचे दारे मोडून पाणी घ्यावयाचे नाही. पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम, हा फडाचा दंडक होता. रात्री-अपरात्री दारे धरून बसण्याची यातायात त्यामुळे वाचत असे, आणि बलिष्ठाने दुर्बळाचे पाणी तोडण्याची शक्यताही कमी होत असे. फडातील शेतांना कुंपणे नसत. एकच पीक, एकच राखणदार, आणि काढणीही जवळजवळ एकाच सुमारास. या सर्वांवर पंचमंडळी असे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, किती फड भिजवावयाचे, पाटाचा गाळ केव्हा काढावयाचा, आणि नियम मोडणाऱ्यास काय दंड करावयाचा, हे निर्णय पंच घेत.

खर्चाची वाटणी दोन प्रकारची होती. पाटाचा गाळ काढणे, चाऱ्या नीट करणे, बंधाऱ्याची किरकोळ डागडुजी ही कामे लाभधारकांनी आपल्या जमिनीच्या प्रमाणात श्रमाने करावयाची. जो येणार नाही त्याने बदली माणूस द्यावा किंवा मोबदला भरावा. पाटकरी, हवालदार व जागल्या यांचे वेतन बहुधा धान्याच्या किंवा पिकाच्या रूपाने, भिजलेल्या क्षेत्राच्या मानाने, सुगीच्या वेळी दिले जाई. बलुत्याच्या पद्धतीशी याचे साम्य उघड आहे.

या वेतनपद्धतीत दराचे एक तत्त्व दडलेले आहे. पाटकऱ्याचा वाटा पिकातून असल्याने पीक बुडाले तर त्याचाही वाटा बुडे. फडाच्या टोकाचे शेत कोरडे राहिले तर त्या शेतावरून मिळणारे धान्य तो गमावी. पाणी देणाऱ्याचे हित आणि पाणी घेणाऱ्याचे हित अशा रीतीने एकाच खळ्यावर येऊन मिळत असे. आज ज्यास 'सेवेशी निगडित आकारणी' म्हणतात, ती येथे कोणत्याही लेखी करारावाचून अमलात होती. पैशाच्या स्थिर पगारावर असलेल्या नोकरास शेवटच्या शेताची काळजी वाटावी यासाठी मात्र स्वतंत्र व्यवस्था उभारावी लागते, आणि ती बहुधा उभारली जात नाही.

५

गावाच्या या अंतर्गत पट्टीखेरीज सरकारचा हक्क वेगळा होता. पाटस्थळ जमिनीचे उत्पन्न अधिक, म्हणून तिच्यावरील धाराही अधिक, ही जुनी रीत. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा या प्रदेशातील एक अतिशय दुर्दैवी काळ नुकताच सरत होता. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकर-शिंदे यांच्या फौजांची लूट आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांनी गावे ओस पडली होती व अनेक बंधारे फुटून निकामी झाले होते. पुढील दशकांत त्यांतील काहींची दुरुस्ती झाली, आणि महसुली पाहणीत पाटस्थळ जमिनीवर कोरड्या आकाराखेरीज पाण्याचा आकार बसविण्यात आला. हा आकार जमीन-महसुलाचाच एक भाग बनला. परिणामी शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन देणी झाली : एक सरकारास, जमिनीच्या वर्गाबद्दल, दुसरे गावास, पाण्याच्या प्रत्यक्ष सेवेबद्दल. पहिल्या देण्यातून पाटाचा गाळ निघत नसे. दुसऱ्यातून निघत असे. पाटावर राहणाऱ्या कोणासही हा फरक समजावून सांगावा लागत नव्हता.

मोठ्या कालव्यांच्या बाबतीत स्थिती निराळी झाली. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने पाण्याचे दर ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. त्या कायद्यात कालव्याच्या पाझरामुळे लाभ मिळणाऱ्या जमिनीवर, तसेच कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आत खणलेल्या विहिरीवर भिजणाऱ्या जमिनीवरही आकारणी करण्याची तरतूद होती. पाझराचे पाणीही अखेर कालव्याचेच, ही त्यामागील विचारसरणी तर्काला धरून आहे. परंतु शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने खणलेली विहीर, आणि तिच्यावर दुसऱ्याने ठरविलेला दर, यामुळे 'पट्टी'चा पहिला अर्थ दुसऱ्यावर पूर्णपणे मात करून बसला.

या काळातील सर्वांत जागरूक मराठी साक्ष महात्मा जोतीराव फुले यांची आहे. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कठोर टीका केली आहे. पाणी पुरेसे मिळो वा न मिळो, पट्टी मात्र वसूल होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आणि प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या शेताच्या मानाने स्वतंत्र तोटी करून द्यावी, ही त्यांची सूचना. तोटी म्हणजे मोजमाप. अधिकाऱ्याच्या मर्जीऐवजी मापावर विश्वास ठेवण्याची ही मागणी आहे. फडातील शेतकऱ्यास मापाची गरज भासली नव्हती, कारण तेथे परस्परांवर नजर होती. सरकारी कालव्यावरील शेतकऱ्यास ती भासली, कारण तेथे पाणी देणारा त्याला जबाबदार नव्हता. फुल्यांच्या सूचनेचे महत्त्व या फरकाच्या प्रकाशातच कळते.

येथे शब्दाच्या एका स्थलांतराची नोंद करणे आवश्यक आहे. सरकारी कालव्यांवर कालवा निरीक्षक, मोजणीदार, चौकीदार अशी पदे निर्माण झाली, आणि त्यांच्या खालच्या पायरीवर 'पाटकरी' हा शब्दही खात्याच्या भाषेत शिरला. शब्द तोच राहिला, पण धनी बदलला. फडाचा पाटकरी शेतकऱ्यांच्या खळ्यावर वेतन घेत होता; खात्याचा पाटकरी सरकारी तिजोरीतून घेऊ लागला. शब्द टिकला म्हणजे संस्था टिकली, असा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकाने किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने काढू नये, याचे हे बोलके उदाहरण होय.

६

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले, आणि नोकरीच्या आरंभीच्या काळातच खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात नळाचा वक्रनलिका-मार्ग घालण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नीरा कालव्यासाठी 'ब्लॉक पद्धती' सुचविली. कालव्याखालील क्षेत्र ठरावीक गटांत विभागावे, गटातील ठरावीक भागातच ऊस घ्यावा, बाकीच्यात हंगामी पिके घ्यावीत, पिकांची फेरपालट करावी, आणि पाण्याची हमी अनेक वर्षांची असावी, हे तिचे मुख्य घटक. १९०१ ते १९०३ या काळात भारतातील पाटबंधाऱ्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढेही या प्रश्नाची चर्चा झाली.

फड आणि ब्लॉक यांतील साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. दोहोंतही क्षेत्राचे गट, उसावर मर्यादा आणि फेरपालट आहे. तरीही एक मूलभूत अंतर राहते. फडातील पीक पंच ठरवीत; ब्लॉकमधील मर्यादा खाते ठरवी. फडातील दंड शेजारी करीत. ब्लॉकमधील दंड अधिकारी करी. उसाला पैसा मिळू लागला तेव्हा ब्लॉकच्या मर्यादा मोडण्याचा मोह अनावर झाला, आणि नियम मोडणाऱ्यास शेजाऱ्याच्या डोळ्यास डोळा भिडविण्याचा प्रसंग येत नव्हता. पद्धतीचा सांगाडा उचलता येतो. तिच्यामागची परस्परांची जबाबदारी त्याबरोबर आपोआप येत नाही.

७

फडपद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे इतिहासाला धरून होणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीस जोडलेला होता. ज्याला पाटस्थळ जमीन नाही त्याला पाणी नाही आणि पंचांत स्थानही नाही. रात्रभर पीक राखणाऱ्या जागल्यास धान्याचा वाटा मिळे, पण पाण्याचा नव्हे. शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही यादीत नसे. न्याय होता, पण तो भागधारकांच्या आपापसांतील न्याय होता. 'पट्टी'च्या दुसऱ्या अर्थातही यादीबाहेरचा माणूस बाहेरच राहतो, हे विसरता येत नाही.

१९५० नंतर या व्यवस्थेचा आधारच हळूहळू खचत गेला. वारसा-वाटण्या व खरेदी-विक्री यांमुळे प्रत्येक खातेदाराची जमीन प्रत्येक फडात असण्याची स्थिती राहिली नाही. एखाद्याची सारी जमीन एकाच फडात आली की, त्या फडास पडीक ठेवण्याच्या निर्णयाचा सारा भार त्याच्यावर पडणार; मग तो निर्णय मान्य का करील? विजेचे पंप आले, विहिरी वाढल्या, आणि पाटस्थळाचा भागीदार पुन्हा मोटस्थळाच्या धन्यासारखा एकटा झाला. उसाच्या पैशाने एका फडात एकच पीक हा दंडक सैल केला. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाल्यावर प्रवाह केव्हा व किती यावा हे पंचांच्या हाती न राहता पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिले. काही बंधाऱ्यांवर पाटकरी व पाळी अद्याप आढळतात. चारही फडांची पूर्ण शिस्त मात्र विरळ झाली आहे.

यादीबाहेरच्या माणसाचा प्रश्न महाराष्ट्रात नव्याने मांडला तो पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीने. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे काम सुरू केले आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना झाली. तेथील तत्त्वे फडाच्या तत्त्वांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके द्यावयाचे. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नाही. भूमिहीनांसही हक्क असतो. उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यावयाची नाहीत. आणि योजनेच्या भांडवली खर्चाचा एक-पंचमांश भाग लाभधारकांनी आरंभीच उभा करावयाचा. पिकावरील सामुदायिक निर्बंध आणि पाटकऱ्याकरवी वाटप या दोन्ही गोष्टी फडाच्या परंपरेशी जुळतात. हक्काचा पाया मात्र मुळापासून बदललेला आहे. अर्थात खर्चाचा भाग आधी भरावयाचा हा नियम परिस्थितीने गांजलेल्यास जड जातो, आणि उपसा योजनेत विजेचा खर्च दरवर्षी सोसावा लागतो. दोन्ही अडचणी फडापुढे नव्हत्या, कारण त्याचे पाणी उताराने येत होते.

८

सरकारी कालव्यावरील शेवटच्या शेतकऱ्याचा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. वाघाड प्रकल्पाच्या उजव्या कालव्याच्या शेवटास असलेल्या या गावास पाणी पोचत नव्हते. बापू उपाध्ये व समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने खात्याकडून पाणी मापून घ्यावयाचे, सभासदांत ते आपल्या नियमाने वाटावयाचे आणि पट्टी स्वतः गोळा करावयाची, ही त्यांची रीत. एका संस्थेस महात्मा फुल्यांचे नाव असावे हे योग्यच आहे. मोजून पाणी, ही त्यांची शंभर वर्षांपूर्वीची सूचना येथे संस्थेच्या दाराशी अमलात आली.

२००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणीवापर संस्थांस घनमापनाने पाणी देण्याची तरतूद केली, ठरलेल्या हक्काच्या मर्यादेत पीक निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि संस्थेच्या व्यवस्थापनात कालव्याच्या मुखाकडील, मधल्या व शेवटच्या भागातील सभासदांना स्थान दिले. दुसऱ्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. ठोक पाण्याचे दर असे ठरवावयाचे की त्यांतून व्यवस्थापन, परिचालन व देखभाल यांचा खर्च भरून निघावा, हे तत्त्व त्यात आहे. फडाने पिकाचे स्वातंत्र्य काढून घेऊन मोजमापाची गरज टाळली होती. नव्या कायद्याने मोजमाप देऊन पिकाचे स्वातंत्र्य परत केले. दोन्ही मार्ग तर्कशुद्ध आहेत. मोजमापही नाही आणि पिकाची शिस्तही नाही, ही मधली स्थिती तेवढी टिकणारी नाही. आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी व्यवहारात तीच आढळते.

गावच्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतीतही हीच कसोटी लावता येते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली सामान्य व विशेष अशा दोन प्रकारची पाणीपट्टी बसविता येते; घरात नळजोडणी घेणाऱ्याने विशेष पट्टी भरावयाची. टाकी, नळ व पंप बांधण्यास अनुदान मिळते, परंतु विजेचे देयक, पंपचालकाचे वेतन, गळक्या झडपा व पाण्याचे शुद्धीकरण हा खर्च दर महिन्याचा असतो. पट्टी फार कमी ठेवली तर निवडणुकीच्या दृष्टीने ती गोड लागते, पण पहिला पंप जळाला की योजना बंद पडते आणि मग सर्वांत अधिक किंमत डोक्यावर हंडा घेऊन विहीर गाठणारीस मोजावी लागते. ती किंमत कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. उलट, पट्टी खर्चाबरहुकूम पूर्ण ठेवली आणि गरिबाची जोडणी थकबाकीसाठी तोडली, तर हिशेब जुळेल, पण यादीबाहेरचा माणूस पुन्हा यादीबाहेर जाईल. खर्च भागविणे आणि कोणासही वगळू न देणे ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळावयाची असल्याने दर ठरविणे हे केवळ गणिताचे काम उरत नाही; ते ग्रामसभेत, जमाखर्च उघडा ठेवून, करावे लागते.

सारांश, फडपद्धतीच्या इतिहासातून न्याय्य आकारणीची चार लक्षणे हाती लागतात. पट्टी आणि सेवा यांचा संबंध देणाऱ्यास दिसला पाहिजे. तूट आली तर ती सर्वांनी प्रमाणात सोसली पाहिजे. पाणी देणारा माणूस पाणी घेणाऱ्यास जबाबदार असला पाहिजे. आणि वार्षिक देखभालीचा खर्च नवीन बांधकामाच्या आशेवर पुढे ढकलता कामा नये. पाचवे लक्षण त्या पद्धतीत नव्हते, ते तिच्या उणिवेतून शिकावे लागते : ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याच्या यादीत नाव हवे. पांझरेच्या काठावरील पंचांनी पहिली चार लक्षणे लेखणीवाचून सांभाळली. पाचव्यासाठी यादीच नव्याने करावी लागेल, आणि ती कोणी करावयाची हा 'पट्टी' या शब्दातील जुना प्रश्न अजून सुटावयाचा आहे.